शोभाताईंचा गुडघा

तुम्ही हसाल, पण सांगतेच. आमच्या इथल्या द्वारका चौकाजवळच्या कराटे क्लासला मी आणि शोभाताई एकदमच लागलो, आणि सर दर वेळी आमचीच जोडी लावायचे. बाईंची लाथ म्हणजे लाथ! मी कंबर धरून घरी यायची आणि वाटेत मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची.

त्याच सुमारास मी विहारात जायला लागले. रोज सकाळी वंदना आणि मग थोडा वेळ ध्यान. भंतेजी म्हणाले, "ज्याचा राग येतो, त्याचंच आधी भलं चिंतायचं." माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? नेमका तेव्हा शोभाताईंचा गुडघा धरला होता. मी रोज डोळे मिटून म्हणायची, "शोभाताई सुखी होवोत, त्यांचा गुडघा बरा होवो."

गुडघा झाला की हो खडखडीत बरा! आणि बेल्टच्या परीक्षेत त्याच पायाची लाथ माझ्या बरगडीत बसली. मी सपशेल आडवी.

उठवायलाही त्याच आल्या. मी कण्हतच म्हटलं, "ताई, तुमच्या गुडघ्यासाठी मी रोज सकाळी मंगल कामना करत होते हो!"

"अगंबाई! मीपण रोज ध्यानाला बसते, तुझंच भलं चिंतते."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. डोळेच भरून आले. विचारलं, "काय म्हणता माझ्यासाठी?"

"हेच गं, की रंजनाला एकदा तरी लाथ अडवता येवो."