पुण्यातलं इरलं

वृषाली : सोमवारी पुण्यातलं संग्रहालय बंद असतं, आत्या. म्हणून मंगळवार धरला. नारायणगावातून सातची एसटी, शिवाजीनगरला उतरायचं, तिथून रिक्षा.

ठमाबाई : आन् तितलं तिकीट?

वृषाली : संग्रहालयाला तिकीटच नाही. सगळ्यांना फुकट.

ठमाबाई : फुकट म्हंजी आत सोडत्यात, का भाइरनंच बघायचं?

वृषाली : आत. इंद्रायणीताई स्वतः फाटकाशी थांबणारेत. त्यांची चित्रं लागलीत तिथं, आणि मधोमध मामांनी केलेलं इरलं.

ठमाबाई : तू सून हून यायच्या लई आदी आल्ती ती पोर आमच्या वाडीवर. खांद्याला झोळी. म्हनली, मला डोंगराची चित्रं काढायचीत, पंधरा दिस ऱ्हाऊ का. तुझं सासरं म्हनलं, ऱ्हा. ऐन आवणीचं दिस ते. भात लावायला मानूस मिळंना, आन् हे ओटीवर बसून बांबूच्या कांब्या तासत्यात. का, तर तिला इरलं करून द्यायचंय.

वृषाली : मी फोटोतच पाहिलंय ते.

ठमाबाई : आता कोन करतंय? समदी प्लास्टिकचा कागद घेत्यात. पावसात डोक्यापासनं पार पाठ झाकायची बघ, वर पळसाची पानं. वाकून भात लावायला दोनी हात मोकळं. आठ दिस लागलं त्यांना. मी लई बोलले. तिच्या देखत बोलले, का रिकामटेकडं काम हाय हे.

वृषाली : मामा काय म्हणाले?

ठमाबाई : काय न्हाई. गुमान करत ऱ्हायलं. ती घिऊन गेली, आन् दोन वर्सांनी हे गेलं. पोराच्या नोकरीपायी हितं वारूळवाडीला आलो, तवा घरातली जुनी इरली मीच चुलीत घातली. त्यांच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय आता. बघावं तर वाटतंय. पर तिला माझं बोलनं आठवत आसंल. भिंतीवर काय लिवलंय, कुनाला ठावं.

वृषाली : लिहिलंय ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. 'इरलं. बांबू आणि पळसाची पानं. करणारे : भिका आणि ठमाबाई.'

ठमाबाई : माझं कशाला? चुकलं आसंल तिचं. मी हात बी लावला न्हाई त्याला.

वृषाली : मीही तेच विचारलं. ताई म्हणाल्या, निघायच्या दिवशी त्यांनी मामांना विचारलं होतं, याच्यावर नाव कोणाचं घालू. मामा म्हणाले, दोघांचं घाल. मी आठ दिवस इथं बसलो, तर शेत तिनं एकटीनं लावलं. ती नसती तर हे झालंच नसतं.

(ठमाबाई पदरानं चष्मा पुसते.)

ठमाबाई : हे मला कदी बोललं न्हाईत.

वृषाली : ताईंना वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

ठमाबाई : न्हाई गं. काय ठावं न्हवतं मला.

वृषाली : मग यायचं ना मंगळवारी?

ठमाबाई : वाडीवरचा तांदूळ हाय डब्यात, त्यो घे पिशवीत. तिनं पंधरा दिस त्योच खाल्ला. इतकी वर्सं त्यांची चीज सांभाळली, त्यांचा सबूद सांभाळला. आपुन काय देनार तिला?

वृषाली : तांदूळ आवडेल त्यांना.

ठमाबाई : आन् इचार तिला, इरल्याला हात लावू देतील का.

वृषाली : आत्ताच फोन करते.

ठमाबाई : कर. न्हाई म्हनली तरी जाऊ. लांबनं बघीन.