बस आधी, मग बोल

"घरात उभ्यानं बोलायचं नाही!" ...का? ते विचारायचं नाही. आमच्या सामोअन घरात हा नियम मला दात यायच्या आधी शिकवला, आणि मी तो चोवीस वर्षं पाळला हो, पण तुम्हाला सांगते, ज्यानं हा नियम केला ना, त्यानं भाड्याचं घर कधी शोधलेलं नव्हतं!

म्हणजे बघा, आमच्या मालकानं घर विकलं. तीस तारखेला आम्ही बाहेर. आणि इथं ऑस्ट्रेलियात, आमच्या लोगन शहरात घर बघायचं म्हणजे शनिवारी एजंट दार उघडणार, पंधरा मिनिटं, पंधराच! चाळीस माणसं आत घुसतात, कुणी नळ सोडून बघतंय, कुणी कपाटात डोकं घालतंय, जो तो एजंटाच्या डोळ्यांत भरायला धडपडतोय... आणि आम्ही? आम्ही चपला काढतो, आत जातो आणि रिकाम्या हॉलच्या मधोमध मांडी घालून बसतो! बाबा, फेतूआत्या आणि मी. पंगतीला बसल्यासारखे! लोक आम्हाला वळसा घालून स्वयंपाकघरात जातात.

पहिल्या घरी एजंट धावतच आला. "कुणाला चक्कर आली का?" दुसऱ्या घरी, "धरणं धरलंय का तुम्ही?" आणि बाबा खालून, शांतपणे, सुरू करतात... या घराला वंदन, घर बांधणाऱ्या हातांना वंदन, तुमच्या आईवडिलांना वंदन... अहो, त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचेतो पंधरा मिनिटं संपतात! आम्ही किती जण, काम काय करतो, राहूनच जातं. "कळवतो," एजंट म्हणतो. सोमवारी मेल. या वेळी जमलं नाही.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, एकदा तरी उभं राहून बोला ना!"

मागून फेतूआत्या, "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं? मोठ्यांच्या डोक्यावर उभं राहायला?"

"आत्या, मोठा कसला? माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल तो एजंट!"

"घर त्याच्या हातात आहे. म्हणजे मोठा."

घ्या! बोला आता!

मलाही हसू यायचं हो, सहाव्या घरापर्यंत. सातव्या घरी ब्रॉनविन नावाची एजंट. बाबांच्या डोक्यावरून मागच्या जोडप्याशी बोलतेय, "किती छान उजेड येतो ना इथं?" आणि बाबा मान वर करून थांबलेत... तिकडे सामोआत, गावी, याच माणसाचं बोलणं ऐकायला सभा थांबते. तिथं सगळेच जमिनीवर, सगळ्यांची डोकी एका उंचीला, कुणी कुणाकडे वरून बघायचं नाही. त्यासाठीच तर हा नियम! मला तो कळला तेव्हा मी सातव्या गालिच्यावर बसले होते. सगळे बसले तर मान. पण आपण एकटेच बसलो तर?

मी उठले.

"लागी, बस," बाबा म्हणाले.

"नाही बसणार."

"बस आधी!" आत्या माझा स्कर्ट ओढतेय!

"सोड, आत्या. ती उभी आहे तोवर मी बसणार नाही. ब्रॉनविन, आम्ही तीन माणसं. बाबा गोदामात, मी दवाखान्यात. सहा वर्षांत भाडं एकदाही थकलं नाही. आणि हे खाली बसलेत ना, ते तुम्हाला मान देतायत. तुम्ही त्यांच्या डोक्यावरून बोलताय!"

आत्यानं स्कर्ट सोडला. आत कुणीतरी नळ बंद केला.

ब्रॉनविननं माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, उंच टाचांचे बूट काढले... आणि बाबांसमोर मांडी घातली. "माफ करा," म्हणाली. "आता सांगा." मग ते जोडपंही बसलं. मग नळवालाही.

बाबांनी घसा साफ केला. "या घराला वंदन..." पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती, पण कुणी उठेना.

सगळा हॉल बसलेला, उभी मी एकटी. मला अजून बरंच सांगायचं होतं हो... पण उभ्यानं कसं बोलणार?