खिडकीशी उभे जेवणारे सर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर, व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय फादर, विश्वस्त मंडळाचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले सुतारकामाचे सर, त्यांना इथवर सांभाळून घेऊन आलेली त्यांची लेक, माझे जुने-नवे सहकारी, पालक, माजी विद्यार्थी आणि मागच्या दाराशी चुळबुळ करत बसलेल्या माझ्या बाळांनो,

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. ज्यांनी माझा भाषेचा तास सोसलाय ते आत्ताच हसायला लागलेत. हसा. घंटा झाली तरी बाई थांबायच्या नाहीत, ही माझी ख्याती मला ठाऊक आहे. पण आज मला खरोखरच एकच गोष्ट सांगायची आहे, आणि तीही माझ्याआधी बोललेल्या मान्यवरांची क्षमा मागून. कारण मला त्यांचं एक वाक्य खोडायचं आहे.

आजच्या तिन्ही वक्त्यांनी सरांच्या नम्रतेचं कौतुक केलं. ते योग्यच झालं. पण तिघांनीही दाखला एकच दिला. सर भोजनगृहात कधी बसले नाहीत. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत खिडकीशी उभे राहिले, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच जेवले. एका वक्त्यांनी तर त्याला सेवाभाव म्हटलं. ऐकायला फार गोड वाटलं हो. टाळ्याही झाल्या.

मंडळी, तो सेवाभाव नव्हता. सरांना बसायला जागाच नव्हती.

थांबा, नव्या पालकांना ही भानगड कळायची नाही. तर आपल्या शाळेचं भोजनगृह आधी डोळ्यांसमोर आणा. लांबलचक टेबलं, आणि प्रत्येकाला एकेक स्टूल. जेवणाआधीची प्रार्थना सगळे उभ्याने म्हणतात, आणि ‘आमेन’ झालं रे झालं की सगळी स्टुलं एकदम खरडतात. मी कितीतरी वर्षं दुपारी तिथे देखरेखीला असायचे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आता यातलं एकही स्टूल दुकानातून आलेलं नाही. आपल्या संस्थापक फादरांचा दंडकच होता की या टेबलाशी कुणी स्वतः केलेल्या स्टुलावर बसायचं नाही. तुम्ही दुसऱ्यासाठी करायचं, दुसरा तुमच्यासाठी करणार. म्हणजे तुम्ही कामात टंगळमंगळ केलीत, तर धपकन पडणार दुसराच! आणि दंडकाचा दुसरा भाग त्याहून कडक होता. आठवडाभर बसून झालं की बसणाऱ्याने करणाऱ्याकडे जायचं आणि स्टुलात काय दोष आहे तो तोंडावर सांगायचा. पाठीमागे नाही. करणाऱ्यानेही तोंड न फुगवता तो ऐकायचा आणि दुरुस्त करायचा. फादर म्हणायचे, ज्या प्रभूच्या नावाने आपण ही शाळा चालवतो, त्यानेही तरुणपणी सुतारकाम करताना गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्याच असतील.

हे सगळं मुलांच्या हातून करून घ्यायचे ते आपले सर. नव्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी ते करवतही द्यायचे नाहीत, पटाशीही नाही. एक मोडकं स्टूल द्यायचे आणि म्हणायचे, “हे का मोडलं ते आधी मला सांग.” मूल दोन दिवस ते स्टूल उलटंपालटं करत बसायचं. घरी पालक वैतागायचे, की फी कशाची भरतोय आम्ही! पण तिसऱ्या दिवशी त्या मुलाला कळलेलं असायचं, की पाय भोकात सैल बसला होता आणि कुणीतरी खिळा ठोकून वेळ मारून नेली होती. माझ्या व्याकरणाच्या तासाला मी नियम आधी सांगायचे आणि चुका नंतर. सरांचं बघून मी क्रम बदलला. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.

तर एका वर्षी संस्थापक फादरांच्या मनात आलं, मुलांनीच का? शिक्षकांनीही एकमेकांसाठी करावं, आणि यापुढे त्याच स्टुलावर बसावं. स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या टाकल्या. आत्ताच्या सिस्टर तेव्हा नवीन होत्या, त्यांच्या वाट्याला आपले गेटवरचे काका आले. सिस्टर, सांगू ना? सांगतेच. सिस्टरांचं स्टूल बसलं की बदकासारखं ओरडायचं. काकांनी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर दोष सांगितला, आवाज काढून दाखवला, आणि सिस्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग दुरुस्त करून दिलं. काका निवृत्त होईपर्यंत त्याच स्टुलावर बसले.

आणि सुतारकामाच्या सरांच्या नावाची चिठ्ठी निघाली गणिताच्या सरांना. म्हणजे आमच्या ह्यांना.

सगळी स्टाफरूम हसली. ज्या माणसाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, त्याने सुतारासाठी स्टूल करायचं! सगळ्यात जास्त हसले ते हे दोघंच, कारण दोघांची गट्टी होती. रोज संध्याकाळी शाळा सुटली की जोडीने गेटपर्यंत फिरत जायचे आणि गेटवर तासभर बोलत उभे राहायचे. मी घरी चहा दोनदा गरम करायची.

पण दंडकात एक मेख होती. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याला ती पुरी होईपर्यंत दाखवायची नाही, त्याची मदत घ्यायची नाही. शाळेत बाकी सगळ्यांना सर शिकवू शकत होते, फक्त ह्यांना नाही. मग ह्यांनी कामाचा पसारा घरी आणला, आमच्या मागच्या पडवीत. कागदावर आकृती काढली, कोन काढले, मापं तीनतीनदा तपासली. आणि एका रविवारी चार पायांचं स्टूल उभं राहिलं हो! मला हाक मारली. पडवीत ठेवून बसून दाखवलं. डगमगलं.

हे म्हणाले, “एक पाय लांब झालाय.” तो कापला. पुन्हा डगमगलं. दुसरा कापला. जरा सरकवून ठेवलं, की परत ये रे माझ्या मागल्या. मी हसू दाबून स्वयंपाकघरात पळायची. हा माणूस फळ्यावर वाटेल ते गणित सोडवायचा, आणि चार पायांपुढे त्याने हात टेकले. कापता कापता ते स्टूल इतकं बुटकं झालं की त्यावर बसलं तर गुडघे हनुवटीला लागावेत.

द्यायचा दिवस आला. सगळ्यांनी आपापली स्टुलं आणली. हे रिकाम्या हाताने गेले आणि म्हणाले, “माझं अजून व्हायचंय.” सर हसून म्हणाले, “होऊ द्या निवांत. तोवर मी उभा आहे.”

तोवर!

मी रात्रंदिवस ह्यांच्या मागे लागले, की आहे तसं देऊन टाका, दंडक तोच आहे, दोष सांगायचेच आहेत. हे म्हणायचे, “अगं, इतरांना दिलं असतं. त्याच्यापुढे हे काय ठेवू? नुसतं बघून त्याला कळेल मी काय केलंय ते.” आणि माझ्याकडून शब्द घेतला, की ते असेपर्यंत मी यातलं अवाक्षर बोलायचं नाही. ज्या मित्राच्या हसण्याची एरवी त्यांना सवय होती, त्याच्याच हसण्याला ते घाबरले. मग फिरायला जाणं टळू लागलं. आधी वह्या तपासायच्या असायच्या, मग पाठ दुखायची. भोजनगृहात हे टेबलाच्या या टोकाला बसायचे आणि सर त्या टोकाला खिडकीशी उभे. मानेनेच नमस्कार. वर्षं गेली. नव्या शिक्षकांना वाटलं, सरांचा काही नेम असेल. त्यांच्याही पुढच्यांनी त्याला नम्रता म्हटलं, आणि आज तर व्यासपीठावरून म्हटलं गेलं.

एकदा वाढताना सरांनी मला हळूच विचारलं होतं, “बाई, सरांना आमचं हाताचं काम हलकं वाटतं का हो?” मी म्हटलं, “छे हो, काहीतरीच काय!” आणि पुढच्या ताटाकडे गेले. सर, मी शब्दाला बांधलेली होते. पण तुमच्या मनात कसली अढी बसली होती ते मला त्या दिवशी कळलं. हे तुमच्या कामाला हलकं नाही, फार मोठं समजत होते. इतकं मोठं, की आपलं काम त्याच्या शेजारी ठेवायची त्यांना लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. आपल्या परिवारातलं कुणी गेलं की शवपेटी आपल्याच कार्यशाळेत होते, हे तुम्हाला माहीत आहे. सर घरी आले. गुडघे तेव्हाच दुखत होते त्यांचे, पायऱ्या धरून धरून चढले. म्हणाले, “बाई, सरांची उंची किती?” आयुष्यभर शेजारी उभी राहिले मी, पण आकडा सांगता येईना. मी नुसतं माझं डोकं त्यांच्या कुठे लागायचं ते हाताने दाखवलं. सरांनी तेवढ्यावरून माप घेतलं. पेटीला एक खिळा दिसत नव्हता. कडा हाताने घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या, की मी मूठभर माती टाकायच्या आधी त्या कडेवरून हात फिरवत राहिले. ज्याच्यासाठी वस्तू केली त्याने दोष सांगायचा असतो. सर, तुम्ही तुमचं काम करून दिलंत. आमच्या बाजूने तेव्हाही कुणी काही सांगितलं नाही.

मग सर गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे गेले, ते आज आलेत. उद्या परत जाणार, कायमचे. आणि कार्यशाळा? निमंत्रणपत्रिकेत लिहिलंय की ती लवकरच नव्या रूपात दिसेल. मी काल पाहून आले. दाराला कुलूप आहे आणि आत जुनी कपाटं कोंबली आहेत. विश्वस्त मंडळाने सरांना आज भेट दिलेली ही खुर्ची छान आहे, मऊ आहे, अजून प्लास्टिकातच आहे. पण ती विकत आणली, या शाळेने! एवढी माणसं आहोत आपण इथे. मलाही सुचलं नाही, म्हणून मी कुणाला बोलत नाही.

एक शेवटचं सांगते आणि संपवते. परवा मी ती मागची पडवी धूत होते. धुण्याची जागा ती. चारही बाजूंनी मोरीच्या भोकाकडे उतार दिलेला आहे, पाणी साचू नये म्हणून. बादली ओतली, साबणाचं पाणी आपसूक मधल्या खळग्याकडे गेलं. मी खाली बसून फरशीवरून हात फिरवून पाहिला. अहो, ती फरशी कधी सपाट नव्हतीच! त्या जागेवर कुठलंही स्टूल डगमगलं असतं. ह्यांनी पहिल्या रविवारी केलेलं ते कदाचित बरोबरच होतं. शेजारच्या खोलीत नेऊन एकदा ठेवलं असतं तर? किंवा तसंच उचलून तुमच्याकडे आणलं असतं, तर तुम्ही पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं, “सर, ठेवून कुठे पाहिलंत?” आणि दोघं पोट धरून हसला असतात. संध्याकाळी मी चहा तिसऱ्यांदा गरम केला असता.

ही मोठी पिशवी घेऊन मी आले तेव्हा मुलांना वाटलं, बाईंनी खाऊ आणलाय. खाऊ नाही रे बाळांनो. हे बघा. हे तुमच्या गणिताच्या सरांनी केलेलं स्टूल.

हसू आलं ना? येऊ दे. बुटकं आहेच.

सर, याच्यावर बसा असं मी म्हणत नाही. तुमचे गुडघे आता इतके वाकायचे नाहीत. बसायची वेळ आम्ही घालवली. पण तुमची लेक मघाशी सांगत होती, की डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितलंय. तर तुम्ही त्या खुर्चीत बसा, आणि यावर पाय तरी ठेवा. फादर, जरा हात द्या त्यांना. काढा ते प्लास्टिक. हं. असं.

आता दंडक, सर. आठवडा थांबायला वेळ नाही. दोष आत्ताच सांगा. करणारा नाही, पण मी घरी जाऊन त्यांच्या फोटोला सांगेन. अगदी शब्दाला शब्द.

काय म्हणालात? जरा मोठ्याने, मागे ऐकू येत नाही.

सर म्हणतायत, पुढचा डावा पाय थोडा आखूड आहे. खाली रबराचा तुकडा लावला की झालं.

झालं! ऐकलंत? एवढंच होतं. हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून माझा नवरा जिवाभावाच्या मित्राला टाळत राहिला, आणि तो मित्र खिडकीशी उभा राहिला.

सर, रबर मी लावून देते. स्टूल तुमचं आहे, उद्या बरोबर घेऊन जा.

सिस्टर, फादर, आपण सर्वांनी मला पाच मिनिटांऐवजी किती दिली ते मी घड्याळात बघत नाही. मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्या. आणि आपल्या शाळेच्या रीतीने माझे दोष मला तोंडावर सांगा. मी दाराशीच थांबते. फक्त एक विनंती आहे, मंडळी, आजच सांगा.