तिसऱ्यांदा उलगडलेला टॉवेल

ती – लेकीच्या पत्राला उत्तर दिलंत का? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून बिचारीनं हातानं लिहिलं.

तो – देतो.

ती – कधीपासून देताय. जन्मभर वाचनालयात लोकांना पुस्तकं शोधून दिलीत, स्वतःला चार ओळी सापडत नाहीत?

तो – तिच्या घरात एकच माणूस मावेल. तुला नेते म्हणते. काय लिहू?

ती – आई कुठे जायची नाही, असं लिहा. तेवढंही होत नाही तुमच्यानं. मला नाही जेवायचं.

तो – इन्सुलिन घेतलंस ना?

ती – घेतलं. तुम्ही जेवा, मी कपड्यांच्या घड्या घालते.

(तो एकटा जेवतो, ताट घासून ठेवतो.)

ती – दगड आहात नुसते.

तो – बरं.

ती – बरं काय बरं. निघा इथून. तोंड दाखवू नका मला.

तो – बाहेरच्या खोलीत बसतो. राग उतरला की हाक मार.

ती – दार लावा.

तो – लावतो. अगं, हा टॉवेल आत्ताच घडी घालून ठेवला होतास ना?

ती – कुठला?

तो – हाच. तिसऱ्यांदा उलगडते आहेस. इकडे बघ. पंखा चालू आहे आणि मान घामानं निथळतेय तुझी.

ती – हात सोडा.

तो – थरथरतोय हात. साखर उतरलीय तुझी. बस खाली. बोट दे.

ती – कोण तुम्ही?

तो – मी... वाचनालयातला. साखर बेचाळीसवर आलीय. हे साखरेचं पाणी घे.

ती – विष आहे.

तो – असू दे. गिळता येतंय ना? एक घोट. आणखी एक. संपव सगळं. पाव तासानं पुन्हा बोट टोचू.

ती – गोड आहे.

तो – हो.

(पाव तासानं.)

तो – अठ्ठ्याऐंशी. आता ही बिस्किटं खा. मग जेवायला वाढतो.

ती – डोकं ठणकतंय. काही बोलले का मी तुम्हाला?

तो – नाही.

ती – म्हणजे बोलले.

तो – मला वाटलं, रुसलीस. लग्न झाल्यापासून तू चिडलीस की मी उठतो आणि दार लावून घेतो. आजही कडीला हात गेला होता.

ती – थांबलात ना पण.

तो – टॉवेल दिसला म्हणून.

ती – पूर्वी मला आधी कळायचं. घाम सुटला की साखर तोंडात टाकायचे. आता पत्ताच लागत नाही.

तो – मलाही लागत नाही गं.

(दुसऱ्या दिवशी, जेवणाआधी.)

ती – कुठे गेला होतात?

तो – कोपऱ्यावर. पत्र टाकून आलो.

ती – लिहिलंत ना, आई कुठे जायची नाही म्हणून?

तो – लिहिलं, आईला घेऊन जा. इंजेक्शन झालं की समोर बसून जेवू घाल. आणि ती चिडली तर तिच्याजवळून उठू नकोस.

ती – मला न विचारता?

तो – बोट दे.

ती – कशाला?

तो – आवाज चढलाय तुझा. दे.

ती – घ्या. किती आहे?

तो – एकशे दहा.

ती – मग हा रागच आहे.