छपरावरचा कोंबडा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा — कुठली गोष्ट किती दिवसांत व्हावी, हे ठरवायचं कुणी? जो वाढतोय त्यानं, की जो वाट बघतोय त्यानं?

आज आमच्या अण्णांचं वर्षश्राद्ध. म्हणून आख्यान माझ्या वडिलांचंच, आणि त्यात कोंबड्या आहेत. पुढच्या आजी, पदर नाकाला लावू नका. मी शिजवत नाही, नुसतं सांगतेय!

अण्णांच्या गळ्यात माळ, आणि पोटाला धंदा कोंबड्यांचा. लोक विचारायचे, "अण्णा, हे जमतं कसं?" अण्णा म्हणायचे, "विठोबा कधीतरी विचारेल. पोट रोज विचारतं."

तर ऐका. अण्णांनी दोन जातींची पिल्लं आणली. एक ब्रॉयलर — महिना-सव्वा महिन्यात तयार. दुसरी गावरान वळणाची — तिला चार महिने तरी लागतात. लहानपणी दोन्ही पिवळीच. आणि आमच्या गुलाबमामांनी, म्हणजे आईच्या भावानं, दोन्ही खोकी उबेच्या एकाच बल्बखाली रिकामी केली!

मामांना घाई होती. त्यांचे नवे जावई पहिल्यांदाच जत्रेला येणार, आणि मामा त्यांना शब्द देऊन बसलेले — गावरान कोंबड्याचा रस्सा खाऊ घालतो. जत्रा दोन महिन्यांवर.

अण्णा म्हणाले, "गुलाब, तोवर होत नाही ती."

"भाऊजी, खायला घातलं की सगळं होतं."

मग मामांनी गावरान पिल्लं निवडली. कशी? जी खाण्यावर आधी तुटून पडतात, ती खानदानी! त्यांच्या पायांना लाल दोरे बांधले. आठवड्यानं अण्णांनी पाहिलं. म्हणाले, "अरे, हे जाडे पाय ब्रॉयलरचे. दोरा सोड."

"तुम्ही माळकरी. कोंबडीतलं तुम्हाला काय कळतंय?"

पुढं पिसं फुटली, दोरेवाली पांढरीशुभ्र निघाली. तरी मामा म्हणतात, "आईवर गेलीत." हसू नका, तुमच्या घरीही असा एक मामा असणार.

जत्रा आली. दोरेवाले कोंबडे मांडवातल्या व्याह्यांसारखे बसून. उठायचं नाव नाही. आणि बिनदोऱ्याचे काटकुळे, रंगीत, उड्या मारत छपरावर. मामा म्हणाले, "ही रोगट दिसतात, काढून टाका." अण्णा म्हणाले, "राहू दे."

पान वाढलं. जावयांनी हाड दाताखाली धरलं, ते बिस्किटासारखं मोडलं. जावई शांतपणे म्हणाले, "मामा, हे कोंबडं आयुष्यात कधी चाललं होतं का?"

मामांचा घास हातातच राहिला. दिलेला शब्द गेला, तोही जावयासमोर. तेवढ्यात छपरावर एक काटकुळा आरवला. अर्धवट, चिरक्या आवाजात.

जावयांनी वर पाहिलं. "हा कुणाचा?"

मामा खाली मान घालून म्हणाले, "आमचाच. वाढत नाही मेला."

अण्णा म्हणाले, "वाढतोय. तुझ्या जत्रेसाठी वाढत नाही, एवढंच."

जावई हसले. म्हणाले, "मग मी दिवाळीनंतर परत येतो. मामा, वाट बघा." मामांनी त्या रात्री दोरे सोडले.

मंडळी, आता तुमच्याकडे वळते. सकाळपासून तुमच्यातल्या किती जणांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ताई, वर्ष झालं, आता सावरा." मायेनं सांगितलंत, मला ठाऊक आहे. पण माझ्या पायाला तुमच्या जत्रेचा दोरा बांधू नका. माझं सावरणं अजून छपरावर आहे.

उचला टाळ. अण्णांना संथ चाल आवडायची.