दाखल क्रमांक चौदाशे सतरा

(दर्यापूरची एक शाळा, १९६३. वाचनालयात हेडमास्तर उत्तमराव आणि ग्रंथपाल पंचफुलाबाई. मधली सुट्टी संपत आलेली.)

हेडमास्तर : नाही म्हणजे नाही, बाई. नियम आहे. एका शिक्षकाला एका वेळी एकच पुस्तक.

पंचफुलाबाई : पुस्तक नाई ना थे, सर! भिंतीवर चित्रं दाखवाचं मशीन हाय. प्रोजेक्टर!

हेडमास्तर : रजिस्टरात पुस्तक आहे.

पंचफुलाबाई : तुमीच तसं लिहाले लावलं! मशीन चौदाशे सतरा, त्याचा बल्ब चौदाशे अठरा, चित्रांची पट्टी चौदाशे एकोणीस. लेखकाच्या रकान्यात काय लिहू म्हटलं, तर तुमी म्हणाले, 'निरंक'.

हेडमास्तर : वाचनालयात येईल ते रजिस्टरात चढलंच पाहिजे. तपासणीला साहेब आले म्हणजे उत्तर मला द्यावं लागतं.

पंचफुलाबाई : चढवा ना! पण पुस्तक म्हणून काहून? भूगोलाच्या पुंजाजी सरांनी पहिल्या आठवड्यात मशीन नेलं. बल्ब मागतला, तर तुमी म्हणाले, आधीचं पुस्तक वापस करा. त्याईनं मशीन टेबलावर ठेवलं अन पोराईले सांगतलं, "पाहा, याले प्रोजेक्टर म्हणतेत." झाला भूगोल! दुसऱ्या आठवड्यात नुसता बल्ब. तिसऱ्यात नुसती पट्टी. एकेक पोरगं एक डोळा मिटून खिडकीच्या उजेडात पाहे.

हेडमास्तर : मग? दिसलं की काही.

पंचफुलाबाई : नखाएवढ्या चित्रात काय दिसते, डोंबल!

नत्थुजी (शाळेचा शिपाई, आत येत) : बाई, खोकं आनलं. मशीनभोवती भराले तनीसबी आनली. मशीन द्या, बांधतो. पाचच्या मोटरीनं अमरावतीच्या हापिसात पोचवाचं हाय मले.

पंचफुलाबाई : थांबा जरा, नत्थुजी.

नत्थुजी : मी थांबतो हो. मोटर थोडीच थांबते.

पंचफुलाबाई : सर, अमरावतीच्या हापिसानं मशीन महिन्याभरासाठीच दिलं होतं. वापराचा कागद कोरा गेला, तर या शाळेले मशीन पुन्हा भेटणार नाई, असं पत्रात साफ लिहिलं हाय. आज एक तास द्या मले. आठवीचा वर्ग इथं आणते. मीच चालवते, मीच समजावते.

हेडमास्तर : तुम्ही ग्रंथपाल आहात, बाई. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. शिकवणं शिक्षकांचं काम.

पंचफुलाबाई : मंग नागपूरले दीड महिना कायले धाडलं होतं मले? लेकरू सासूजवळ टाकून गेली. पट्टी कशी लावाची, कोणत्या चित्रावर थांबाचं, तठी पोराईले काय विचाराचं, सारं शिकून आली. अन तुमी कपाटाची किल्ली खिशात घातली! डोकं फिरून जाते, सर!

नत्थुजी : बाईचं बरोबर हाय. बैल आनाचा, अन जुपाचाच नाई.

हेडमास्तर : नत्थुजी, तुला कोणी विचारलं?

नत्थुजी : कोनीच नाई. म्हनून तं सांगून राह्यलो.

हेडमास्तर : आणि इथं वर्ग भरवला तर गलका होईल. भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं आहे.

पंचफुलाबाई : वीज दोनच खोल्याईत हाय, सर. एक ही, अन एक तुमचं हापिस. तठी भरवू?

हेडमास्तर : काहीतरीच! ...त्या पट्टीत आहे तरी काय एवढं?

पंचफुलाबाई : समुद्र. भरती-ओहोटी. सकाळी होडी पाण्यावर, अन दुपारी तीच होडी चिखलात.

नत्थुजी : अरे बाप्पा! मंग पानी गेलं कुठं?

पंचफुलाबाई : हेच! आठवीच्या पोराईनं मले हेच विचारलं. धड्यातल्या ओळी त्याईच्या पाठ हायेत, मार्कंबी भेटतेत. पण एवढं पाणी मांगं जाते म्हणजे काय, हे कोणाच्या डोळ्यापुढं येतच नाई.

नत्थुजी : येईन कसं? गावाचं नाव दर्यापूर, अन दर्या पाह्यलेला मानूस औषधाले नाई.

पंचफुलाबाई : तुमी पाह्यला, सर? तुमीबी भूगोलच शिकवत होते ना?

हेडमास्तर : सव्वीस वर्षं.

पंचफुलाबाई : पाह्यला?

हेडमास्तर : फळ्यावर काढत होतो. पांढऱ्या खडूनं.

नत्थुजी : साहेब, बांधू का मंग मशीन?

हेडमास्तर : थांब. बाई, मशीन पुंजाजी सरांच्या नावावर चढवा. पट्टी ड्रॉइंगच्या सरांच्या.

पंचफुलाबाई : अन बल्ब? बाकी साऱ्याईच्या नावावर पुस्तकं हायेत.

हेडमास्तर : माझ्या नावावर लिहा.

पंचफुलाबाई : लिहिते. पण शिकवीन कोण, थे आत्ताच सांगा. मंग पुन्हा नियम काढसान.

हेडमास्तर : तुमीच शिकवा. मलेबी पोरं हेच इचारत होते, बाई, पाणी जाते कुठं म्हणून. मी सांगो, परीक्षेत येत नाई, बसा खाली.