मोठ्या बाबांचा धुतलेला शर्ट

सन्माननीय अध्यक्ष शामरावजी, मंचावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी मोठी आई, थोरली काकू रुक्माताई, आणि नेहरू नगर, बोरसी, अहिवाऱ्याहून आलेले आपण सर्व, जय भीम आणि नमस्कार.

मघाशी परिचय वाचताना मी एक गोष्ट चुकीची सांगितली. मागची कलाकृती तेव्हा झाकलेली होती. त्यातला शर्ट मोठ्या बाबांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, शेवटच्या ड्युटीहून येऊन काढला तसाच, न धुता ठेवला आहे, असं मी म्हणाले. तसं नाही. मला चहाच्या वेळी कळलं. सांभाळून घ्या.

मोठी आई कुणाकडे चित्रकला शिकली नाही. मला बाराखडी मात्र तिनेच शिकवली. पत्रा, तारा, गेटपासवरचे फोटो, जुने कपडे शिवून, चिकटवून ती विचारते, आपण कोण? पोलादाच्या प्लँटच्या लाल धुळीत माखून आलेला माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुणाला ओळखू येत होतं? ती धूळ हीच कलाकृती होती. रायपूरच्या प्रदर्शनाने तीच निवडली, म्हणून तर हा सत्कार.

पडदा सरल्यावर मोठ्या आईने शर्टाला नाक लावलं. "प्रेरणा, याले साबणाचा वास येऊन राहिला."

माझी आई, मथुरा, तिथेच होती. कौतुकाने म्हणाली, "बाई, मीच टाके उसवून धुतला. इस्त्री करून परत शिवला. इतके पाहुणे येऊन राहिले, मळका शर्ट काहून टांगाचा?"

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की पडदेसुद्धा धुतले जातात. तिने मानच दिला होता!

आपल्या मंडळाचे प्रफुल्लकाका म्हणाले, "थोडा गेरू मारून देऊ. रायपूरवाल्याईले काय समजते?" काका, मी भित्री आहे, पण ते होणार नाही.

मोठी आई म्हणाली, "धुतलेलाच जाईन. खालच्या ओळीत 'धुतला' म्हणून लिही. माह्या नावाच्या बाजूले मथुराचं नाव टाक."

आईला रडू फुटलं. "शिक्षा देऊन राहिल्या का, बाई?"

"बादलीतलं पानी कसं लाल झालं, ते तुनं पाहिलं. म्या नाही पाहिलं. लोकाईले तूच सांगशीन."

ही माफी आहे का, मला कळलेलं नाही. विचारायचा धीरही नाही.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभात भलतंच बोलले असेन तर पोटात घाला. कलाकृतीखालची ओळ बदलायला आईला घेऊन मी रायपूरला जाते आहे, येत्या मंगळवारी, सतरा फेब्रुवारीला.